संस्थेत भावाला मारतात असा संशय आहे, पुरावा नाही, कुठं आणि कसं सांगायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग लिहायला बसले. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमचा भाऊ पंधरा वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, बोलणं फार नाही आणि जे बोलतो ते तेलुगूत. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील नाहीत, आई विड्या वळते. तीन वर्षांपासून तो सरकारी बालगृहात आहे. मागच्या दोन भेटींत त्याच्या मांड्यांच्या मागच्या बाजूला काळेनिळे वळ दिसले, वजन उतरलंय, कुणी हात वर केला की डोकं झाकून खाली बसतो. अधीक्षक म्हणतात पडला. स्वयंपाकघरातल्या एका मावशींनी जाता जाता कानात सांगितलं की रात्रीच्या ड्युटीला मारतात, पण माझं नाव घेऊ नका. आणि आई म्हणते गप बस, तक्रार केली तर पोराला घरी पाठवतील, मग सांभाळायचं कुणी. तुम्हाला विचारायचंय की पुरावा नसताना तक्रार करता येते का, कुठं करायची, आणि उलट आपल्यावरच केस होईल का.

मी या कामात तेवीस वर्षं काढलीत, आधी परिविक्षा अधिकारी म्हणून आणि नंतर एक टर्म बाल कल्याण समितीवर, त्यामुळं तक्रार घेऊन आलेली आई पण पाहिलीय आणि तीच तक्रार फाईलला लागून पडलेली पण पाहिलीय.

आधी पुराव्याचं बोलू. पुरावा शोधणं हे तुमचं काम नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं ते तारखेसकट संस्थेच्या भिंतीबाहेर पोचवणं एवढंच तुमचं काम, त्यापुढची चौकशी करायला माणसं नेमलेली आहेत आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधलं कलम ७ बघा, त्यात असं आहे की दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झालाय, होतोय, किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असेल तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. होण्याची शक्यता हे शब्द कायद्यातच आहेत. म्हणजे सिद्ध करून या असं कायदा तुम्हाला म्हणत नाहीच. मांडीच्या मागचे वळ, उतरलेलं वजन आणि हात वर केला की खाली बसणारं पोरगं, मानायला कारण म्हणून एवढं पुरे आहे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक अर्ज 'दोषींवर कडक कारवाई व्हावी' या वाक्यानं सुरू होतात आणि त्याच वाक्यावर संपतात. राग समजतो मला, पण कारवाईला महिने लागतात आणि तेवढे महिने तुमचा भाऊ त्याच खोलीत, त्याच रात्रपाळीच्या माणसाच्या हाताखाली झोपणार आहे. तक्रार बाहेर फिरते, पोरगं आत असतं. म्हणून अर्जातली पहिली मागणी शिक्षेची नको, सुरक्षिततेची करा. मुलाची आजच्या आज सिव्हिलला वैद्यकीय तपासणी व्हावी, चौकशी होईपर्यंत त्याला दुसऱ्या संस्थेत हलवावं किंवा संबंधित कर्मचाऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवावं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा आदेश द्यावा. शिक्षेचं शेवटी एका ओळीत लिहा. फुटेजचं विसरू नका, डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं साठवणाऱ्या डब्यात, जागा संपली की जुनं आपोआप पुसलं जातं आणि नंतर 'उपलब्ध नाही' असं उत्तर येतं.

हे मी का एवढं घोकून सांगते ते पण सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका संस्थेबद्दल, जिल्हा आणि नाव सांगत नाही, एका मुलीच्या आईनं माझ्याकडं रडत सांगितलं आणि मी नीट, सभ्य भाषेत, योग्य मार्गाने म्हणतात तसं वरच्या ऑफिसला पत्र दिलं. वरून ते पत्र खाली आलं, शेरा मारून, 'आपल्या स्तरावर चौकशी करून अहवाल सादर करावा'. आपल्या स्तरावर म्हणजे कुणाच्या, तर ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच टेबलावर. चार दिवसांनी मी गेले तर त्या मुलीचे केस कापलेले होते, उवा झाल्या म्हणून, आणि दोन महिने आईची भेट बंद. ती मुलगी त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिनं मला सांगितलं नव्हतं, तिच्या आईनं सांगितलं होतं, पण भोगलं तिनं. त्या दिवसापासून मी कुठलीही तक्रार आधी संस्थेत नेत नाही आणि फक्त खात्याकडं पण पाठवत नाही. तुम्ही पण अधीक्षकांना जाऊन 'मी तक्रार करणार आहे' असं सांगू नका, रागाच्या भरात तर अजिबात नको. त्यांच्याशी बोलायचं ते एवढंच की वळ कशाचे, कधी पडला, डॉक्टरांना दाखवलं का, केसपेपर बघू. उत्तर जसंच्या तसं घरी येऊन लिहून ठेवा.

लिहायचं कसं? एक साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, कोण बरोबर होतं, काय दिसलं. 'खूप मारलंय' असं लिहू नका, 'डाव्या मांडीच्या मागं तीन आडवे वळ, बोटाएवढे रुंद, जांभळे, एक पिवळट पडलेला' असं लिहा. रंग जसे दिसतील तसेच लिहा, त्यांचा अर्थ काय लावायचा ते डॉक्टर बघतील. पडलेल्या पोराला लागतं ते गुडघ्याला, कोपराला, नडगीला, कपाळाला, तळहाताला, म्हणजे हाडावर आणि पुढच्या बाजूला. मांडीच्या मागं, कुल्ल्यांवर, पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागं असे वळ नुसतं पडून सहसा येत नाहीत. दोन समांतर रेघा आणि मधली कातडी स्वच्छ असेल तर ती काठीची खूण असू शकते, वायरचा मार असला तर दुमडलेल्या लूपचा आकार उठतो. माराशिवाय बाकीचं पण बघा. नखं वाढलीत का, खरूज आहे का, अंगाला लघवीचा वास येतो का, दिवसा पोरगं गुंगीत असतं का, तेच कपडे दोन भेटींत अंगावर आहेत का. गुंगीचं तर आवर्जून विचारा, कारण त्रास देणाऱ्या मुलाला जास्त गोळ्या देऊन झोपवून ठेवणं हा पण अत्याचारच आहे आणि त्याचा वळ कुठंच उठत नाही.

आणि हे पण प्रामाणिकपणे सांगते की प्रत्येक वेळी मारच असतो असं नाही. एका मुलाच्या बाबतीत आमची सगळ्यांची खात्री झाली होती की त्याला मारतात, डोक्याला खोक, तोंड सुजलेलं. तपासणी झाली तेव्हा निघालं असं की त्याला फिट येत होत्या, आणि फिटच्या गोळ्या संपून कित्येक दिवस झाले होते, कुणी मागणीपत्रच पाठवलं नव्हतं. कुणी हात लावला नव्हता त्याला. पण तक्रार केली नसती तर ते पोरगं कुठल्यातरी फिटमध्ये गेलं असतं. म्हणून संशय चुकला तर काय ही भीती सोडा, चुकला तरी संस्थेच्या आतलं काहीतरी उजेडात येतंच.

भावाशी बोलताना मात्र फार जपून. 'त्या काकांनी मारलं ना? पट्ट्यानं मारलं ना?' असं विचारायचं नाही. एक तर अशी मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात आणि पुढं कोर्टात वकील तेच धरतो की बहिणीनं पढवलं. 'हे काय झालं?' एवढंच विचारा, आणि तो जे बोलेल, जे हातवारे करेल ते त्याच्याच शब्दांत तेलुगूतच लिहून ठेवा, मराठीत करून नको. परत परत विचारू नका. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत असतात पण जबाब घेणारे बहुतेक मराठीतच विचारतात आणि मग 'मूल काही सांगत नाही' असा शेरा बसतो. मी समितीवर असताना एक मुलगी तीन तारखांना गप्प बसली होती, चौथ्या वेळी अक्कलकोटकडच्या एका बाईंना बोलावलं, त्या तिच्याशी कन्नडमध्ये बोलल्या आणि वीस मिनिटांत सगळं बाहेर आलं. म्हणून अर्जातच लिहा की मुलाशी तेलुगू जाणणाऱ्या आणि विशेष शिक्षक असलेल्या व्यक्तीमार्फत बोलावं, आणि त्यावेळी संस्थेचा एकही कर्मचारी खोलीत नसावा.

फोटो काढा, पण तुमच्याच फोनमध्ये ठेवा, मूळ फाईल डिलीट करू नका, फिल्टर लावू नका, कापू नका. आणि हात जोडून सांगते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, लोकल चॅनलवाल्याला देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते घरच्यांनी केलं तरी पोराची बेअब्रू व्हायची ती होतेच. शिवाय व्हायरल झालं की संस्था सावध होते, एका रात्रीत रजिस्टर लिहून काढली जातात.

आता जायचं कुठं. तो अठराच्या आतला आहे, म्हणून पहिला दरवाजा बाल कल्याण समिती. ही समिती म्हणजे खात्याचं ऑफिस नव्हे, तिला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यातून किमान वीस दिवस बसायला पाहिजे असा कायदा आहे. मुलाला हजर करायला सांगणं, दुसऱ्या संस्थेत हलवायचा आदेश देणं, हे ती करू शकते. महिन्यातून किमान दोनदा निवासी संस्थांना भेट देणं हे पण समितीचंच काम आहे. त्याच दिवशी, त्याच अर्जाची एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षात, एक कलेक्टर ऑफिसला आणि एक पोलिसांना. कलेक्टरला का, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर समितीच्या कामाबद्दलची गाऱ्हाणी ऐकायचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आहे, म्हणजे उद्या समितीनंच ढिलाई केली तर जायची जागा तयार राहते. आणि तो दिव्यांग आहे म्हणून मघाशी सांगितलेलं कलम ७ पण त्याच अर्जात लिहा, कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे तुमच्या रोजच्या ओळखीतले तहसीलदार किंवा प्रांत, त्यांना मिळालेल्या माहितीवर अत्याचार थांबवायला आणि व्यक्तीला सुरक्षित जागी हलवायला पावलं उचलावी लागतात. हे कलम आपल्याकडं फार कमी लोक वापरतात, मला त्याचं वाईट वाटतं. कलेक्टर ऑफिसात गाऱ्हाणी ऐकायचा लोकशाही दिन असतो, त्यात हा विषय नेऊ नका, तिथं चारचौघांत मोठ्यानं वाचलं जातं.

अर्ज देताना प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' म्हणाले तर ठेवून जायचं नाही. शिक्का देत नसतील तर पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा. तुमच्या केसचा कणा ती पोचपावती असते, लोक भावनेच्या भरात ती घ्यायचं विसरतात आणि तीन महिन्यांनी 'असा अर्ज प्राप्त नाही' ऐकून परत येतात.

जीवाला धोका आहे, आत्ता या क्षणी मारतायत असं कळलं, तर कागद लिहीत बसू नका, १०९८ किंवा ११२ लावा. १०९८ वर आपलं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं.

पोलिसांचं जरा सविस्तर सांगते कारण तिथं माणसं सगळ्यात जास्त अडतात. सोलापुरात हद्दीचा घोळ हमखास होतो, शहराला पोलीस आयुक्तालय वेगळं, ग्रामीणला एसपी वेगळे, आणि संस्था हद्दीवर असली की हे म्हणणार तिकडं जा, ते म्हणणार इकडं या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, त्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही हद्दीतली असली तरी घ्यावीच लागते आणि खबर देणाऱ्याला प्रत फुकट मिळते. प्रत्येक पोलीस स्टेशनला बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, आत गेल्यावर ठाणे अंमलदाराला 'त्यांना भेटायचंय' असंच म्हणा.

दुसरी अडचण कायद्यातच आहे. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाशी क्रूरतेबद्दल आहे, संस्थेतल्या माणसानं केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पण २०२१ च्या दुरुस्तीनं या कायद्यातले तीन ते सात वर्षं शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले, त्यामुळं पोलीस नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घ्यायला बघतात. मुलांच्या बाबतीत ही दुरुस्ती चुकीचीच झाली असं माझं स्पष्ट मत आहे, पण आहे ते आहे. तिथं वाद घालण्यात दिवस घालवू नका. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ दाखवा, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्यानं जाणूनबुजून खायला-प्यायला दिलं नाही तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे, वजन उतरलंय त्याचा संबंध इथं लागतो. काठी, पट्टा, वायर अशा वस्तूनं मारलं असेल तर भारतीय न्याय संहितेत त्याचं वेगळं कलम आहे. त्यासाठीच सिव्हिलचा एमएलसी कागद, म्हणजे पोलीस केससाठी डॉक्टर जखमांची नोंद करतात तो, आधी हातात पाहिजे. वळ आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातात आणि मग पोलीसच काय, डॉक्टर पण काही लिहू शकत नाहीत. एवढं करूनही ठाण्यात घेतलं नाही तर तीच हकीकत लेखी ग्रामीणच्या एसपींना किंवा शहराच्या पोलीस आयुक्तांना पोस्टानं पाठवायची, आणि तरी हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज.

लैंगिक अत्याचाराचा नुसता संशय जरी असेल तरी वेगळाच नियम लागतो, तो सगळ्यांनीच लक्षात ठेवा. पॉक्सो कायदा २०१२, कलम १९, ज्याला कळलं किंवा भीती वाटली त्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक. न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेचा प्रमुख असून दाबून ठेवलं तर एक वर्षापर्यंत. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. जबाब मुलाच्या सोयीच्या जागी घ्यायचा, अधिकारी गणवेशात नको. वैद्यकीय तपासणीसाठी एफआयआर होईपर्यंत थांबायची गरज नाही. तुमच्या भावाला अंघोळ घालताना, कपडे बदलताना तो घाबरत असेल, बसताना त्रास होत असेल, तर हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, मुलगा आहे म्हणून हा विचारच कुणी करत नाही.

उलट आपल्यावर केस होईल का? पॉक्सोमध्ये चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी नाही की फौजदारी नाही, कुठलीच जबाबदारी येत नाही असं लिहिलंय. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे पण ती कुणाला बदनाम करायला, पैसे उकळायला, धमकवायला मुद्दाम खोटं सांगितलं तरच. तुम्ही 'मला असं दिसलं, मला असं सांगण्यात आलं, माझा असा संशय आहे' एवढंच लिहिताय. 'फलाण्यानं मारलं' असं लिहू नका, तुम्ही पाहिलेलं नाही. मग भिण्याचं कारण नाही.

स्वयंपाकघरातल्या मावशींचं नाव अर्जात घालू नका. 'संस्थेच्या आतून कळलं' एवढं पुरे. बहुधा त्या ठेक्यावर असतील, उद्या काढून टाकतील आणि तुमचा आतला एकमेव डोळा जाईल. पण त्यांना हे जरूर सांगा की त्यांना स्वतःला १०९८ लावता येतो, आणि पॉक्सोखाली काही असेल आणि त्या गप्प बसल्या तर उद्या त्यांच्यावर पण येऊ शकतं. दरडावून नका सांगू. त्यांनी तुमच्या कानात सांगितलं म्हणजे त्यांना झोप लागत नाहीये.

आता आईंची भीती, आणि ती खरी आहे, तिला हसू नका कुणी. बाल कल्याण समितीच्या आदेशानं संस्थेत आलेल्या मुलाला अधीक्षक स्वतःच्या मनानं घरी पाठवू शकत नाहीत. 'घेऊन जा तुमच्या पोराला' असं तोंडी म्हणतात, दम देतात, पण कागदावर तो अधिकार समितीचा आहे. म्हणाले तर म्हणा, 'लेखी द्या'. आणि समितीला अर्जातच सांगा की घरी आई एकटी आहे, विड्या वळून घर चालतं, मुलाला संस्थेची गरज आहे, फक्त ही संस्था सुरक्षित वाटत नाही. आईंना माझ्याकडून एवढं सांगा की सांभाळ मागणं आणि मार सहन करणं या दोन गोष्टी एका तागडीत टाकायच्या नाहीत, पोराला सांभाळणं हे सरकारनं केलेले उपकार नव्हेत. तिकीट काढून दरवेळी भेटीला जाणारी आई आहे ती, तिनं पोराला टाकलेलं नाही.

वाचणाऱ्यांपैकी काहींची माणसं मोठी असतील, त्यांच्यासाठी थोडं. अठरा वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तीला बाल कल्याण समिती लागू नाही, तिथं कलम ७, पोलीस, आणि पुण्याचं राज्य दिव्यांग आयुक्त कार्यालय. मनोरुग्णालयात, म्हणजे आपल्याकडच्यांना येरवडा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ लागतो. साखळीनं बांधायला त्यात पूर्ण बंदी आहे, आणि ही बंदी उगाच आलेली नाही, ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेले २८ जण जागच्या जागी गेले, पळता आलं नाही. भूल न देता शॉक देणं पण बंद. तक्रार आधी प्रमुख डॉक्टरांकडं, नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडं. वृद्धांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पाठ आणि टाचा बघितल्याशिवाय भेटीवरून परत येऊ नका, कुशीवर न वळवता ठेवलं की आधी तिथंच सडायला लागतं आणि चादर वर ओढलेली असली की काही दिसत नाही.

अर्ज दिल्यावर घरी बसून चालत नाही. दुसऱ्या दिवशी फोन, आठवड्यानं स्वतः जाऊन 'काय कार्यवाही झाली' हा एका ओळीचा अर्ज. मग माहिती अधिकार. कायद्यानं संस्थांची तपासणी करणारी समिती असते, निदान तीन माणसं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर, तीन महिन्यांतून किमान एकदा भेट आणि आठवड्यात अहवाल. मागच्या दोन वर्षांतल्या त्या अहवालांच्या प्रती मागा, मुलांची नावं झाकून द्या म्हणून स्वतःच लिहा म्हणजे नकाराला कारण उरत नाही. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास, तसं वर ठळक लिहा. बऱ्याच वेळा अहवालच नसतात, आणि अहवाल नसणं हीच सगळ्यात मोठी माहिती असते.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाई, मूल आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तुमच्या घरात तर तिन्ही आहेत. फोन करायचा तर १५१००. तिथलं पत्र गेलं की ऑफिसं वेगळ्या आवाजात बोलतात हा माझा अनुभव. त्यापुढं मुंबईला राज्य बाल हक्क संरक्षण आयोग, आणि राज्य मानवी हक्क आयोग, तिथं घटनेपासून एका वर्षाच्या आत जायला पाहिजे. हायकोर्टासाठी आता मुंबईची गाडी पकडायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यात आहे. आणि पत्राला कमी लेखू नका. १९८१ मध्ये आग्र्याच्या महिला संरक्षण गृहातल्या हालांबद्दल कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी लिहिलेलं पत्र सुप्रीम कोर्टानं याचिका म्हणून घेतलं होतं. बिहारात २०१८ ला मुझफ्फरपूरचं बालिकागृह उघडं पडलं ते मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या माणसांनी सोशल ऑडिट, म्हणजे संस्थांची बाहेरून तपासणी, करताना मुलींचं ऐकून घेतलं म्हणून, आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या कोर्टानं १९ जणांना दोषी धरलं.

तुम्ही उद्या सकाळी एवढं करा. वहीत दोन्ही भेटींचं लिहून काढा, दोन पानांचा अर्ज करा, चार प्रती आणि शिक्का घ्यायला आपली एक वेगळी, आणि आधी समितीकडं जा, समिती बसलेली नसेल तर एखाद्या सदस्यांना भेटा, तशी सोय कायद्यात आहे. आईंना बरोबर घ्या, त्यांना बोलू द्या, मराठीत अडल्या तर तेलुगूत बोलू द्या, तुम्ही सांगा मराठीत.

आणि त्याला दुसरीकडं हलवायचा आदेश झाला तर त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. नवीन जागी पहिल्या दिवशी त्याचं वजन करून घ्या आणि आकडा वहीत लिहा, अंगावर जे जे वळ असतील ते प्रवेशाच्या कागदावर नोंदवायला लावा, नाहीतर पुढं हे त्यांच्यावर ढकलतील आणि ते यांच्यावर. सध्या तो जी चादर अंगावर घेतो ती तशीच न धुता बरोबर द्या. नव्या जागी पहिल्या चार-पाच रात्री ही मुलं झोपत नाहीत, ओळखीचा वास असला की जरा डोळा लागतो.